सिनेमाच्या शहरातली दुसरी शाळा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला कुठे घालायचे, मुलीला कुठे घालायचे? सायन्स, कॉमर्स, आयटीआय, नर्सिंग, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा क्लास. आर्ट्स म्हटले की आईबापांचा चेहरा उतरतो. आणि एखादी मुलगी 'मला सिनेमाचा अभ्यास करायचा आहे' असे म्हणाली, तर विचारायलाच नको. सिनेमा ही काय शिकायची गोष्ट आहे? तो रविवारी बघायचा आणि सोमवारी विसरायचा! मी स्वतः बी. कॉम. झालेली, कार्यालयात कारकून म्हणून काम करणारी. जमाखर्च जुळला की दिवस सार्थकी लागला असे मानणारी. म्हणून आईबापांच्या या काळजीला मी नावे ठेवणार नाही. पोटाचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांनाच नोकरीची किंमत कळते. परंतु अमेरिकेतील लॉस एंजेलिस या शहरात महिनाभर राहण्याचा योग आला आणि सिनेमा, वंशभेद व स्त्री-पुरुषभेद हे तीन विषय एकत्र शिकण्यामागे केवढा झगडा उभा आहे, ते जवळून पाहायला मिळाले. ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

निमित्त घरगुती होते. धाकट्या बहिणीचे बाळंतपण. तिचे यजमान तिकडे नोकरीला आहेत. आई आता थकली, म्हणून मोठी बहीण या नात्याने मीच जायचे ठरले. अर्जित रजेचा अर्ज टाकला, व्हिसाचे सोपस्कार उरकले आणि डिंकाचे लाडू बांधून घेऊन निघाले. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली. पहिले पंधरा दिवस तेल, शेक आणि दुपटी यांतच गेले.

बहिणीच्या वरच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय कुटुंब राहते. आई हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळी करणारी. मुलगी एका सरकारी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. दोघी बाळाला बघायला आल्या. त्यांचे उच्चार मला पटकन कळत नसत, बहीण मराठीत सांगे. मुलगी काय शिकते असे मी विचारले, तर आई म्हणाली, "सिनेमे बघते आणि त्याला अभ्यास म्हणते. नर्सिंगला गेली असती तर मी निश्चिंत झाले असते." मला हसू आले. सात समुद्र ओलांडून आले तरी आईची काळजी तीच!

मुलगी मात्र हसली नाही. तिने तिचा अभ्यास मला समजावून सांगितला. वर्गात एकच प्रसंग तीनदा दाखवतात. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा चित्र झाकून फक्त आवाज, आणि तिसऱ्यांदा वही-पेन घेऊन नोंद करत. प्रसंगात माणसे किती? बोलते कोण, नुसते ऐकते कोण? नाव कोणाला आहे आणि नुसती 'मोलकरीण', 'ड्रायव्हर' अशी ओळख कोणाची? कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघतो? बाईचा चेहरा दाखवतो की अंग दाखवतो? मला हे फार ओळखीचे वाटले. आम्ही कार्यालयात तपासणी करतो ती अशीच. रजिस्टरात काय लिहिले आहे ते तर बघायचेच, पण कोणता रकाना कोरा आहे तेही बघायचे.

या अभ्यासातली दोन नावे तिने सांगितली. लॉरा मल्वी या इंग्लंडमधील बाईंनी १९७५ साली एक लेख लिहिला. नेहमीच्या सिनेमात बघणारा पुरुष असतो आणि बाई ही बघण्याची वस्तू असते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. तो लेख जगभर गाजला. त्यानंतर बेल हुक्स या कृष्णवर्णीय विदुषीने १९९२ साली विचारले की, यातली बाई म्हणजे कोणती बाई? पडद्यावर नटवून मिरवली जाते ती तर गोरी. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा मोलकरणीचा फडका आला, नाहीतर काहीच आले नाही. गुलामगिरीत मालकाकडे नजर वर करून पाहिले म्हणूनही शिक्षा होत असे. म्हणून ज्यांना बघण्याची बंदी होती त्यांनी नजर वर करून, प्रश्न विचारत बघणे हाच एक प्रतिकार आहे, असे त्या सांगत. या बाई डिसेंबर २०२१ मध्ये वारल्या. त्यांचे मूळ नाव ग्लोरिया जीन वॉटकिन्स. पणजीचे नाव त्यांनी लेखनासाठी घेतले होते.

"पण पुस्तके नंतर वाचा," मुलगी म्हणाली. "आधी बसने विल्शायर रस्ता बघून या. आमचा अर्धा अभ्यासक्रम त्याच रस्त्यावर आहे."

विल्शायर हा लॉस एंजेलिसचा मोठा रस्ता. शहराच्या जुन्या मध्यभागातून निघतो आणि सुमारे २५ किलोमीटर पश्चिमेला जाऊन सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापाशी संपतो. शनिवारी बहिणीचे यजमान घरी असत, तेव्हा मी बाहेर पडत असे. मुलीने कागदावर ठिकाणे लिहून दिली होती.

पहिले ठिकाण रस्ता सुरू होतो तिथून जवळ, पर्शिंग चौकासमोर. येथे पूर्वी क्लून्स ऑडिटोरियम नावाचे मोठे नाट्यगृह होते. ते १९८५ साली पाडले, त्यामुळे बघायला आता काही नाही. परंतु ८ फेब्रुवारी १९१५ रोजी येथे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा जवळजवळ तीन तासांचा चित्रपट प्रथम दाखवला गेला. 'द बर्थ ऑफ अ नेशन' या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्यात कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या बायकांच्या मागे लागणारे पशू म्हणून रंगवले होते आणि त्यांना ठार मारणाऱ्या कू क्लक्स क्लॅनला तारणहार म्हणून. महत्त्वाच्या कृष्णवर्णीय भूमिका गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केल्या होत्या. कृष्णवर्णीयांच्या संघटनेने बंदीची मागणी केली, पण चित्रपट धो धो चालला. मोडून पडलेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात पुन्हा उभी राहिली. मार्च १९१५ मध्ये हा चित्रपट न्यूयॉर्कला लागला. त्या वेळी बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात एम. ए.चा अभ्यास करत होते. सिनेमाने माणसांचे काय होते, असे जे विचारतात त्यांनी हे एक वर्ष ध्यानात ठेवावे.

दुसरे ठिकाण पश्चिमेला काही थांबे पुढे. येथे आता रॉबर्ट एफ. केनेडी यांच्या नावाच्या शाळा आहेत. मुले दप्तरे घेऊन आत-बाहेर करतात. पूर्वी या जागी अँबॅसडर हॉटेल होते आणि त्यात कोकोनट ग्रोव्ह नावाचे नाच-जेवणाचे दालन होते. २९ फेब्रुवारी १९४० रोजी येथे ऑस्करचा समारंभ झाला. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटातील मोलकरणीच्या भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्माते सेल्झनिक यांना तिच्यासाठी खास परवानगी मागावी लागली. परवानगी मिळाली, पण चित्रपटातील बाकीच्या मंडळींबरोबर बसण्याची नाही. भिंतीलगत वेगळ्या टेबलावर तिला बसवले. नाव पुकारल्यावर ती तिथून उठून बक्षीस घ्यायला गेली. त्याआधी अटलांटा शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला, तेव्हा तर तिला जाताच आले नव्हते.

वाचकांना हे वेगळे टेबल नवीन नाही. वेगळा कप, वेगळा माठ, वेगळी पंगत आपण जाणतो. पण त्या रात्रीनंतरची हकिगत मला अधिक शिकवून गेली. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांची ही मुलगी. तिने शहराच्या वेस्ट ॲडम्स भागात चांगले घर घेतले. 'ही घरे गोऱ्यांखेरीज कोणाला विकू नयेत' अशा अटीचा आधार घेऊन काही गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. हॅटी आणि तिचे कृष्णवर्णीय शेजारी एकत्र आले, कोर्टात उभे राहिले आणि १९४५ साली जिंकले. तीन वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणायला मनाई केली. १९५२ साली ती वारली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी तिची इच्छा होती. ती रंगावरून नाकारली गेली. रोझडेल नावाच्या दुसऱ्या दफनभूमीत तिला पुरले. हॉलिवूडच्या दफनभूमीत तिचे स्मारक लागले ते १९९९ साली.

तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती आपल्यांतूनच झाली, हे सांगितले पाहिजे. ती मोलकरणीच्या भूमिका करून समाजाची मान खाली घालवते, असे पुढारी म्हणत. पण तिला मालकिणीची भूमिका देणार कोण होते? लिहिणारा दुसरा, पैसा घालणारा दुसरा, कॅमेरा धरणारा दुसरा. नटीच्या हाती होता तो फक्त चेहरा. तिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला, व्हूपी गोल्डबर्गला, अभिनयाचे ऑस्कर मिळाले ते १९९१ साली. मधे ५१ वर्षे गेली.

याच रस्त्यावर पुढे ऑस्करवाल्या अकादमीचे संग्रहालय २०२१ साली उघडले आहे. जुन्या दुकानाच्या इमारतीत ते थाटले आहे, मागे काचेचा मोठा गोल. हॅटीने आपले मानचिन्ह वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाला दिले होते, ते तिथे हरवले. अकादमीने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या जागी नवे दिले. ८३ वर्षांनी का होईना, रकाना भरला गेला.

विल्शायर रस्ता वॉट्सला मात्र जात नाही. वॉट्स शहराच्या दक्षिणेला आहे. त्यासाठी मध्यभागातून मेट्रो रेल्वेची 'ए' लाइन धरावी लागते आणि १०३ नंबरच्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरावे लागते. बैठी घरे, लहान अंगणे, जाळीचे कुंपण, दोरीवर वाळणारे कपडे. आज येथे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे अधिक आहेत. पूर्वी ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. दक्षिणेतील राज्यांतून काम शोधत ती माणसे आली आणि इतरत्र घरे मिळत नसल्यामुळे येथेच दाटली. ११ ऑगस्ट १९६५ रोजी पोलिसांनी मार्केट फ्राय या २१ वर्षांच्या तरुणाला गाडी थांबवून पकडले. त्याची आई धावत आली. झटापट झाली, गर्दी जमली आणि सहा दिवस वॉट्स जळत राहिले. ३४ माणसे मेली, हजारावर जखमी झाली. चौकशी समितीने बेकारी, शाळांची दुरवस्था आणि पोलिसांविषयीचा राग ही कारणे नोंदवली.

स्टेशनपासून थोडे चालले की वॉट्सचे मनोरे दिसतात. सायमन रोडिया नावाच्या इटालियन मजुराने १९२१ ते १९५४ अशी ३३ वर्षे, काम संपल्यावर एकट्याने ते बांधले. लोखंडी गज, सिमेंट, फुटक्या बाटल्या, शिंपले, कपबशांचे तुकडे. सर्वांत उंच मनोरा सुमारे ३० मीटरचा. नगरपालिकेला ते धोकादायक वाटले. १९५९ साली यंत्राने ओढून परीक्षा घेतली, तर मनोरे जागचे हलले नाहीत. मी खाली उभी राहून वर बघत होते, तेव्हा एका निळ्या बाटलीच्या तळावर ऊन चमकत होते.

आता हा जळलेला वॉट्स आणि तो झगमगीत विल्शायर यांची गाठ पडली कुठे? ती पडली एका महाविद्यालयात. विल्शायरवरून आणखी पश्चिमेला गेले की वेस्टवूड लागते आणि तेथे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे लॉस एंजेलिसचे आवार आहे. त्याला सगळे 'यूसीएलए' म्हणतात. लाल विटांच्या इमारती, हिरवळ, पायऱ्यांवर बसलेली पोरे. येथील सिनेमाच्या विभागात १९६०च्या दशकात अगदी थोडे कृष्णवर्णीय विद्यार्थी होते. वॉट्सनंतर हवा बदलली. विद्यार्थी मागण्या करू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी महाविद्यालयात तर नोव्हेंबर १९६८ पासून चार महिन्यांहून अधिक काळ संप चालला आणि त्यातून वंश-अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. यूसीएलएच्या आवारातही शांतता नव्हती. कॅम्पबेल हॉलमध्ये जानेवारी १९६९ मध्ये दोन संघटनांच्या वादात गोळीबार होऊन ब्लॅक पँथर पक्षाचे बंची कार्टर आणि जॉन हगिन्स हे दोन विद्यार्थी मारले गेले. याच पक्षावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या इमारतीसमोर मी थोडा वेळ थांबले.

अशा दिवसांत सिनेमा विभागातील कृष्णवर्णीय प्राध्यापक एलिसिओ टेलर यांच्या पुढाकाराने एक उपक्रम सुरू झाला. कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूळ अमेरिकन विद्यार्थ्यांना सिनेमा शिकायला घ्यायचे, त्यांच्या हाती कॅमेरा द्यायचा आणि त्यांना त्यांच्याच वस्तीत पाठवायचे. याच मुलांत रॉबर्ट नाकामुरा होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना छावण्यांत डांबले. नाकामुरा लहानपणी अशाच मांझानार छावणीत राहिले होते. त्यांनी त्या छावणीवर चित्रपट काढला. उपक्रम काही वर्षांतच बंद पडला. पण तोवर दार थोडे उघडले होते. इथिओपियाचे टेशोमे गॅब्रिएल यांनी १९७०च्या दशकात येथे शिकवायला सुरुवात केली. आफ्रिका, आशिया आणि दक्षिण अमेरिकेचे लढाऊ चित्रपट ते विद्यार्थ्यांना दाखवत. या मुलामुलींच्या कामाला पुढे 'एल. ए. रिबेलियन', म्हणजे लॉस एंजेलिसचे बंड, असे नाव पडले.

त्यांतले चार्ल्स बर्नेट वॉट्समध्ये वाढलेले. 'किलर ऑफ शीप' हा चित्रपट त्यांनी पदवीचा प्रबंध म्हणून केला. बहुतेक चित्रीकरण शनिवार-रविवारी, वस्तीतीलच माणसे आणि मुले घेऊन झाले. खर्च दहा हजार डॉलरच्या आत. विद्यापीठाला सादर केला १९७७ साली. बहिणीच्या घरी टीव्हीवर तो मी पाहिला. स्टॅन हा कत्तलखान्यात काम करणारा माणूस. त्याला झोप येत नाही. घरी बायको आहे, दोन मुले आहेत. मारामाऱ्या नाहीत, बंदुका नाहीत. मित्राला घेऊन तो मोटारीचे जुने इंजिन विकत घेतो, दोघे धापा टाकत ते जिन्यावरून खाली आणतात, टेम्पोच्या कडेवर ठेवतात आणि टेम्पो हलताच ते रस्त्यावर पडून फुटते. दोघे बघत राहतात. पगाराच्या दिवशी आपल्या घरात जे होते, ते मी या एका प्रसंगात पाहिले. तेलाचे बोट पुसत बहीण म्हणाली, "ताई, हे तर आपल्या चाळीतले आहे."

हायले गेरिमा हे त्यांचे सोबती, इथिओपियाहून आलेले. त्यांच्या 'बुश मामा' या चित्रपटात सरकारी मदतीवर जगणाऱ्या वॉट्समधील डोरोथी या बाईची कहाणी आहे. चित्रीकरण करणाऱ्या विद्यार्थ्यांनाच पोलिसांनी रस्त्यात अडवले. ते खरे दृश्य चित्रपटाच्या सुरुवातीला आहे. कृष्णवर्णीय तरुणाच्या हातात कॅमेरा दिसला, तरी तो संशयित!

इथपर्यंत वंशाची गोष्ट झाली. आता बाईची. 'किलर ऑफ शीप'मध्ये स्टॅनची बायको फार ताकदीची आहे. नवऱ्याला गुन्ह्यात ओढायला दोन जण दारात येतात, तेव्हा ती त्यांना खडसावते. ही भूमिका केसी मूर यांनी केली. पण शेवटच्या नामावलीत या पात्राला नाव नाही. 'स्टॅनची बायको' एवढेच लिहिले आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलीने हे मला बोट ठेवून दाखवले. चार्ल्स बर्नेट यांच्या मोठेपणाला याने उणेपणा येत नाही. पण आपल्या माणसाने काढलेल्या चित्रातही आपल्या बाईचा एक रकाना कोरा राहतो, हे खरे. म्हणूनच वंश आणि लिंगभेद हे दोन विषय वेगवेगळ्या तासांना शिकवून भागत नाही. ते एकत्र शिकावे लागतात.

हा रकाना याच शाळेतील मुलींनी भरला. अलिले शॅरन लार्किन, बार्बरा मॅककलो, ज्यूली डॅश. ज्यूली डॅश यांनी १९८२ साली 'इल्यूजन्स' हा ३४ मिनिटांचा चित्रपट केला. काळ १९४२ चा, जागा हॉलिवूडचा स्टुडिओ. मिन्यॉन ही अधिकारी बाई कृष्णवर्णीय आहे, पण रंग उजळ असल्यामुळे सगळे तिला गोरी समजतात. गोऱ्या नटीच्या ओठांना आवाज द्यायला एस्टर ही कृष्णवर्णीय गायिका बोलावली जाते. पडद्यावर चेहरा एकीचा, गळा दुसरीचा. गळ्याचे नाव कुठेच नाही. जात लपवून, आडनाव बदलून नोकरी केलेल्या माणसांच्या हकिगती आपल्याकडे कमी नाहीत. मिन्यॉनचा आवंढा आपल्याला लगेच कळतो.

पुढे १९९१ साली ज्यूली डॅश यांचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' आला. समुद्रकाठच्या बेटावर राहणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची १९०२ सालची गोष्ट. पणजीपासून पोटातल्या बाळापर्यंत सगळ्या पिढ्या त्यात बोलतात. अमेरिकेत सर्वत्र चित्रपटगृहांत लागलेला, कृष्णवर्णीय स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यात केसी मूर पुन्हा आहेत. या वेळी त्यांच्या पात्राला नाव आहे, हागार.

मी कॉमर्सची असल्यामुळे जमाखर्च मांडल्याशिवाय राहवत नाही. खर्चाची बाजू मोठी आहे. 'किलर ऑफ शीप'ला १९८१ साली बर्लिनमध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, १९९० साली राष्ट्रीय चित्रपट यादीत स्थान मिळाले, पण चित्रपटगृहांत तो रीतसर लागला २००७ साली. त्यातील गाण्यांच्या हक्कांचे पैसे भरलेले नव्हते. ते दीड लाख डॉलर झाले, म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट. बर्नेट यांना सन्मानाचे ऑस्कर मिळाले २०१७ साली. 'डॉटर्स ऑफ द डस्ट' गाजूनही ज्यूली डॅश यांना मोठ्या स्टुडिओने चित्रपट दिला नाही, त्यांनी टीव्हीसाठी काम केले. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची काळजी खोटी नाही. या शिक्षणाने घर लगेच चालत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. जमेच्या बाजूला हे की, यांतले बरेच जण शिक्षक झाले. गेरिमा १९७५ पासून हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखालून पुढच्या पिढ्या गेल्या. आणि मुख्य जमा अशी की, १९१५ च्या त्या खोट्या कागदाला पहिल्यांदा असे उत्तर दाखल झाले, ज्यात वॉट्सची माणसे वॉट्सच्याच माणसांनी दाखवली.

दार उघडले तसे ते कायम उघडे राहिले, असेही समजू नये. नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात सार्वमत झाले आणि सरकारी विद्यापीठांत वंश किंवा लिंग पाहून प्रवेशात प्राधान्य देणे बंद झाले. २००६ साली यूसीएलएच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या सुमारे ४,८०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय फक्त ९६ होते. २०२० साली ही बंदी उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. एलिसिओ टेलर यांचा उपक्रम आज कोणी नव्याने सुरू करायचा म्हटले, तर पहिला अडथळा प्रवेशाच्या अर्जावरच येईल. राखीव जागांना 'गुणवत्तेचा खून' म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यांना 'किलर ऑफ शीप' दाखवावा.

विल्शायर आणि वेस्टवूड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर एका संग्रहालयात बिली वाइल्डर थिएटर आहे. यूसीएलएच्या चित्रपट-अभिलेखागाराचे खेळ तेथे होतात. या विद्यार्थ्यांचे चित्रपट शोधून, दुरुस्त करून २०११ साली तेथे मालिकेने दाखवले गेले. कित्येक प्रती दिग्दर्शकांच्या घरी पडून होत्या. त्या वेळीच कोणी गोळा केल्या नसत्या, तर एक अख्खी शाळा इतिहासातून पुसली गेली असती. अभिलेखागार म्हणजे शेवटी आमच्या कार्यालयातली रेकॉर्ड रूमच. धूळ फार, मान कमी, पण कागद हरवला की हक्क हरवला.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. एखाद्या मुलीने हा विषय घेतो म्हटले तर तिला लगेच गप्प करू नका. पोटापाण्यासाठी बी.एड. किंवा एखादे तांत्रिक काम जोडीला शिकायला लावा, पण कॅमेरा धरू द्या. आणि दुसरी विनंती त्याहून सोपी आहे. आपल्या कपाटांत जयंतीच्या मिरवणुकीच्या, महिला मंडळाच्या सभेच्या, लग्नांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट पडल्या आहेत. त्यांना बुरशी चढते आहे. त्या बाहेर काढा, चालतात का बघा, मुलांकडून संगणकावर उतरवून घ्या. प्रत्येकीवर तारीख, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावे लिहा. बायकांचीही नावे लिहा, त्यांची स्वतःची. 'अमक्याची बायको' असे लिहू नका.